गुच्छाच्या मधलं भोक

३ एप्रिल, सोमवार

नवी वही, नवा मोसम. साडेआठला गच्चीवर गेले तेव्हा आपला तारकागुच्छ पूर्वेला, पाण्याच्या टाकीच्या दोन हात वर आला होता. सहा महिन्यांनी भेट. नुसत्या डोळ्यांना तो पुसट ताऱ्यासारखा दिसतो. माझ्या आठ इंची दुर्बिणीतून मात्र काळ्या कापडावर साखर सांडावी तसा. लाखो तारे, गोल गठ्ठा, आणि मध्ये इतकी दाटी की मोजता मोजता माणूस नाद सोडतो. मी सोडलेला नाही. बावीस वर्षं दर मोसमात त्याचं चित्र काढते, पेन्सिलीने, ठिपका ठिपका. नकाशा कचेरीत पस्तीस वर्षं गावं, विहिरी आणि ओढे काढण्यात गेली. या हातांना दुसरं काही येत नाही.

कचेरीत प्रत्येक नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात दोन चौकटी असत. एकीत ‘काढणार’, दुसरीत ‘तपासणार’. एकाच माणसाने दोन्हीकडे सही करायची नाही, असा नियम. माझ्या चित्रांच्या वहीत चौकटी त्याच आहेत, फक्त सही दोन्हीकडे माझी. तपासायला दुसरं आहे कोण? धाकटी बहीण? तिला शनी आणि शेजारच्या इमारतीवरचा दिवा यांतला फरक कळत नाही.

एक गोष्ट खटकली. गुच्छाच्या मधोमध, जिथे सगळ्यात दाट असायला हवं, तिथे जरा फिकट वाटलं. दुर्बिणीच्या आरशावर दव असेल. किंवा कुणीतरी आरशाला हात लावला असेल. घरात आम्ही दोघीच, त्यामुळे ‘कुणीतरी’ला फार लांब शोधायला नको.

५ एप्रिल

दुर्बिणीचा आरसा दिवसा काढून पाहिला. ठसा नाही, डाग नाही. तरी विचारलं.

“तू दुर्बिणीचं झाकण काढलं होतंस का?”

“मी कशाला काढू?”

“पुसायला.”

“ताई, तुझ्या त्या नळकांड्याला मी हात लावत नाही. एकदा त्यावर टॉवेल वाळत घातला तर आठ दिवस बोलली नव्हतीस.”

सहा दिवस. पण ते असो. धाकटी तीस वर्षं दवाखान्यात परिचारिका होती. सुई टोचताना ‘मुळीच दुखणार नाही’ म्हणायची तिला सवय आहे, त्यामुळे तिच्या ‘नाही’वर मी विसंबत नाही. दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन ती माझ्याकडे राहायला आली, तेव्हापासून माझं रात्रीचं गच्चीवर जाणं तिच्या डोळ्यांत खुपतं.

रात्री पुन्हा पाहिलं. फिकट नाही, काळंच. गुच्छाच्या ऐन मध्यावर वाटाण्याएवढं भोक.

आता नीट लिहून ठेवते. डाव्या डोळ्यावर काळी पट्टी, उजवा नेत्रिकेला, म्हणजे दुर्बिणीच्या ज्या काचेला डोळा लावतात तिला. बावीस वर्षं हीच पद्धत. पट्टीमुळे डावा डोळा मिटायचे कष्ट पडत नाहीत, उजवा दमत नाही. नेत्रिका गोल फिरवली, भोक फिरलं नाही. म्हणजे डाग नेत्रिकेवर नाही. दुसरी नेत्रिका लावली, गुच्छ दुप्पट मोठा झाला, भोक मात्र होतं तेवढंच. हे विचित्र आहे. नजर जरा तिरकी केली की भोक बुजतं, पण त्यात नवल नाही. अंधारात डोळ्याचा मधला भाग आंधळाच असतो. अंधूक वस्तू सरळ पाहिली की नाहीशी होते, कडेने पाहिली की दिसते. आमच्या नादात पडणाऱ्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

डाग काचेवर नाही, आरशावर नाही. राहिलं काय? आकाश. गुच्छाच्या आड काहीतरी आलं आहे. माझ्या बावीस वर्षांच्या चित्रांत ते नाही, म्हणजे नवं आहे. पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं.

काढणार: मी. तपासणार: मी.

७ एप्रिल

या वहीच्या रेघा वाकड्या छापल्या आहेत! गच्चीवर, डोळ्यांची अंधाराची सवय मोडू नये म्हणून लावलेल्या लाल दिव्याखाली टिपण लिहिताना लक्षात आलं. पानाच्या मधोमध रेघा पोटात दुखल्यासारख्या वाकतात आणि पुढे सरळ होतात. पस्तीस वर्षं सरळ रेघा ओढणाऱ्या बाईला हा माल विकला! उद्या त्या दुकानदाराची चांगली खरडपट्टी काढते.

८ एप्रिल

वही घेऊन गेले. दुकानदाराने मोजपट्टी लावून दाखवली. रेघा सरळ.

“बाई, ही वही मी स्वतःच्या पोराला दिली आहे,” म्हणाला.

मीही पाहिलं. सरळच होत्या. वही पिशवीत टाकली. तो आतल्या आत हसत होता, मला दिसलं. रात्री गच्चीवर, पट्टी बांधून, लाल दिव्याखाली पुन्हा वाकड्या. कागदच हलका असणार, दव लागलं की फुगतो. दिवसा दुकानात दव कुठून येणार? हे त्याला पुरतं ठाऊक आहे.

११ एप्रिल

आज धाकटी वर आली. दोन वर्षांत पहिल्यांदा. हातात चहा. मी नेत्रिकेवरून डोळा न काढता हात पुढे केला, मग वळून कप धरायला गेले तर बोटं कपाच्या बाजूला पडली आणि चहा नेत्रिकांच्या डब्यावर सांडला.

“उजेड नव्हता,” मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या नाकासमोर हात धरला. “किती बोटं?”

“हा काय पोरखेळ आहे?”

“सांग तर.”

मी सवयीने नजर जरा बाजूला नेली आणि सांगितलं, “तीन.” बरोबर होतं. तिचं तोंड एवढंसं झालं.

“तरीपण ताई, एकदा डोळे तपासून घे. माझ्या जुन्या दवाखान्यात नवी डॉक्टरीण आहे, चांगली आहे.”

“बोटं मोजली ना बरोबर?”

“मोजलीस. पण माझ्याकडे बघून नाही मोजलीस.”

वा! मला पाहायला शिकवणार ही. हिचा डाव मी ओळखून आहे. डॉक्टर म्हणणार रात्री जागू नका, मग ही म्हणणार बघ डॉक्टरसुद्धा म्हणाले, आणि महिनाभरात दुर्बीण माळ्यावर. मी तिला दुर्बिणीतून बघूही दिलं नाही. तिने मागितलं होतं. इतक्या दिवसांत कधी नाही ते आजच कसं मागितलं?

१४ एप्रिल

गच्चीच्या जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरी चिकटपट्टी. धाकटीचं काम. विचारलं तर म्हणाली, “माझ्यासाठी लावली. मला अंधारात दिसत नाही.” ती अंधारात वर येते कधी? एकदा आली, चहा घेऊन. मग ही खूण कुणासाठी?

मास्तरांसाठी असेल का? मास्तर म्हणजे आमच्या आकाशमंडळाचे प्रमुख, निवृत्त शिक्षक. मंडळाची नोंदवही त्यांच्या कपाटात असते. त्यात नोंद व्हायची तर दोघांनी तरी ती गोष्ट पाहिलेली असावी लागते. त्यांचाच नियम. मागे एकदा मला दिसलेला धूमकेतू दुसऱ्या कुणी पाहिला नव्हता म्हणून त्यांनी नोंदवला नाही, आणि पंधरा दिवसांनी तोच दातवालीच्या नावावर चढला. दातवाली म्हणजे मंडळातली दातांची डॉक्टर. हे मी विसरलेले नाही. भोकाबद्दल मी अजून कुणाला चकार शब्द सांगितलेला नाही. सहा मेच्या बैठकीत एकदम दाखवीन.

२० एप्रिल

चांदणं वाढलं, काम बंद. चित्रांची वही पिठाच्या डब्यात, पिशवीत गुंडाळून. गच्चीच्या दाराची किल्ली गळ्यात.

२४ एप्रिल

पाणी कुठे मुरत होतं ते आज कळलं.

दुपारी झोपले आहे असं समजून धाकटी स्वयंपाकघरातून फोनवर बोलत होती. हळू आवाजात, पण नकाशा कचेरीच्या शांततेत कान तयार होतात. “माझ्याच नावावर लिहून ठेवा. तिला कळलं तर सगळं फिसकटेल. गुरुवारी कसंही करून घेऊन येते.”

मी पलंगावर उठून बसले. पाठच्या बहिणीने! आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिच्या वेण्या मी घातल्या, परिचारिकेच्या परीक्षेला तिला सोडायला मी गेले, दिवसभर फाटकाबाहेर उन्हात उभी राहिले. आणि माझा शोध ही स्वतःच्या नावावर लिहवून घेते! हिला गुच्छ म्हणजे काय हेसुद्धा माहीत नाही, म्हणजे मागे मास्तरच असणार. गुरुवारी वही नेऊन देणार.

फार वाईट वाटलं. राग येईल असं वाटत होतं, पण रडू आलं.

२७ एप्रिल, गुरुवार

सकाळीच सुरू झाली. “ताई, माझा गुडघा दाखवायचा आहे. सोबत चल ना दवाखान्यात.”

“तुझा गुडघा तुझ्यापाशी आहे. माझं काय काम?”

“मला एकटीला भीती वाटते.”

तीस वर्षं दवाखान्यात काढलेल्या बाईला दवाखान्याची भीती! मी घरातून हलले नाही. पिठाच्या डब्यासमोर खुर्ची टाकून बसले आणि पेपर वाचला. ती दोनदा दारापर्यंत गेली, दोनदा परत आली. शेवटी चपला काढून ठेवल्या आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. गुडघा बरा झाला वाटतं.

जिंकले. पण जेवायला बसले आणि ताट तसंच सरकवलं. समोर बसून तीही जेवली नाही.

१ मे

तीन दिवस आभाळ स्वच्छ, चंद्र उशिरा. भोक वाढलं आहे! ३ एप्रिलला नुसता फिकटपणा, ५ ला वाटाणा, आता चिंचोक्याएवढं. आकार गोल नाही, खाली डावीकडे एक शेपूट आहे. सगळं मोजून काढलं. आकाशात एका महिन्यात एवढं काही बदलत नाही, हे मलाही कळतं. म्हणून तर हा शोध मोठा आहे.

आज पाहताना डोळ्यांतून पाणी येत होतं. वारा.

काढणार: मी. तपासणार: मी.

६ मे, शनिवार, रात्री उशिरा

शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

बैठक दर वर्षीप्रमाणे शाळेच्या मैदानात. आम्ही सात जण, सात दुर्बिणी. आमच्यात ‘मुका तास’ असतो. सगळ्यांनी एकच गोष्ट पाहायची, एक तास कुणी कुणाशी बोलायचं नाही, आपापल्या जागी चित्र काढायचं. मग नाव न घालता सगळी चित्रं मास्तरांच्या टेबलावर लाल दिव्याखाली ओळीने मांडायची. या वर्षी पाहायची गोष्ट म्हणून मीच आपला गुच्छ सुचवला होता. म्हटलं, या सगळ्यांनाही भोक दिसेल, आणि मग मी महिन्याभराची चित्रं पुढे करीन. शोध कुणाचा ते तारखाच सांगतील.

सात चित्रं मांडली. सहा गुच्छ भरलेले, मधोमध पेन्सिल घासून घासून दाट केलेली. सातवं माझं.

सगळे माझ्या चित्रावर वाकले. दातवालीने मास्तरांकडे पाहिलं.

“हे काय चाललंय?” मी म्हटलं. “तुमचं आधीच ठरलं होतं?”

“काय ठरणार, बाई?” मास्तर म्हणाले.

“मला खोटं पाडायचं. सहाच्या सहा जणांनी डोळे मिटून काढलंय का? समोर एवढं भोक आहे!”

मास्तर माझ्या दुर्बिणीपाशी गेले, वाकून पाहिलं, बराच वेळ. मग सरळ झाले. “भरलेला आहे,” हलक्या आवाजात म्हणाले. “बाई, एक कराल? ती पट्टी उजव्या डोळ्यावर घ्या आणि डाव्याने बघा.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे पडला असं वाटलं. डोळा, डोळा! धाकटीचंच पालुपद, तिचेच शब्द. हिने आधीच यांचे कान भरले आहेत. मी सरळ विचारलं, “तुमचं आणि माझ्या बहिणीचं बोलणं झालं का?”

“तुमच्या बहिणीला मी आजवर पाहिलेलंसुद्धा नाही,” मास्तर म्हणाले.

मी दुर्बीण आवरली. दातवाली मदतीला आली, तिचा हात झिडकारला. घरी आले तर धाकटी जागी होती. “कशी झाली बैठक?” मी दुर्बीण कोपऱ्यात टेकवली. ती जेवणाचं ताट झाकून झोपायला गेली.

मास्तर खोटं बोलत होते का? बोलताना त्यांचा चेहरा पाहायचा होता मला. पण पट्टी कपाळावर सरकवायची राहून गेली होती. उजव्या डोळ्याने सरळ बघितलं तर त्यांच्या चेहऱ्याच्या जागी काळपट काहीतरी होतं, आणि भोवती कान आणि टोपी. हे आत्ता लिहिताना आठवतंय.

७ मे, पहाट

झोप लागली नाही. दुर्बीण पुन्हा गच्चीवर चढवली. गुच्छ पश्चिमेला उतरत होता.

पट्टी सोडली. उजव्या डोळ्यावर बांधली. बावीस वर्षांत हा डावा डोळा नेत्रिकेला कधी लावला नव्हता. पापणी फडफडत राहिली, त्याला जागा सापडेना. मग सापडली.

भरगच्च. काठापासून मध्यापर्यंत. साखर, साखर, साखर.

पट्टी पुन्हा फिरवली. भोक. पुन्हा फिरवली. भरलेला. किती वेळा केलं ते मोजलं नाही. नेत्रिका फिरवून पाहिली होती, बदलून पाहिली होती, आरसा काढला होता, दुकानदाराकडे वही नेली होती. एकच काच राहिली होती.

लाल दिव्यापाशी बसून डाव्या डोळ्याने ही वही बघितली. रेघा सरळ होत्या.

पायऱ्यांवरच्या पांढऱ्या पट्ट्या धरून खाली आले. धाकटीच्या पलंगाच्या कडेला बसले. ती लगेच जागी झाली, परिचारिकेची झोप.

“त्या दिवशी दुपारी कुणाला फोन केला होतास? नाव कुणाचं लिहवून घेतलंस?” हे विचारायला आले होते. तोंडून निघालं, “अगं, मला मधलं दिसत नाही.”

तिने दिवा लावला नाही. माझा हात धरला आणि म्हणाली, “मला माहीत आहे.”

डोळ्यांच्या डॉक्टरिणीच्या यादीत तिने स्वतःचं नाव घातलं होतं. माझं घातलं असतं तर दवाखान्यातून मला फोन आला असता, आणि मी तो आपटला असता. हे खरं आहे.

८ मे, सोमवार

डॉक्टरीण लहान चणीची, माझ्या धाकटीला ‘सिस्टर’ म्हणते. डोळ्यात औषध घातलं, यंत्राला हनुवटी टेकवायला लावली, डोळ्याच्या आतले फोटो काढले. उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे मधोमध नव्या कच्च्या नसा वाढून गळत आहेत.

“कधीपासून?” तिने विचारलं. “कुणालाच नक्की सांगता येत नाही म्हणा.”

मी पिशवीतून चित्रांची वही काढली. अजून पिठाचा वास येत होता. ३ एप्रिल, ५ एप्रिल, पुढची सगळी, १ मे, ६ मे. तिने एकेक पान पाहिलं. मग १ मेचं पान घेऊन ते वरचं खाली केलं, पाठीकडून उजेडावर धरलं आणि पडद्यावरच्या फोटोशेजारी नेलं. डोळ्यातलं सगळं वरचं खाली असतं, म्हणाली. तोच आकार, तीच शेपूट, शेपटीचा तोच बाक.

“हे तुम्ही काढलंत?” तिने विचारलं. “हे माझ्या यंत्राइतकं अचूक आहे.”

पस्तीस वर्षांच्या नोकरीत साहेबांनी असं कधी म्हटलं नाही. माझा नकाशा तंतोतंत बरोबर होता. फक्त गाव दुसरं होतं.

मग मी विचारलं, पहिल्या आठवड्यात आले असते तर? तिने आधी धाकटीकडे पाहिलं, मग सांगितलं. बरंच वाचलं असतं. दहा-बारा दिवसांपूर्वी आले असते तरी थोडं वाचलं असतं. आता वाढ थांबवायची, गेलेलं परत येईल असं धरून चालायचं नाही.

अकरा दिवसांपूर्वी मी पिठाच्या डब्यासमोर खुर्ची टाकून पेपर वाचत होते.

डोळ्यात इंजेक्शन द्यायचं होतं. धाकटीने डोक्यामागे उभं राहून दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं. “दुखेल,” ती म्हणाली. “थोडंसं, पण दुखेल.” तिने मला खरं सांगितलं.

दुखलं. घरी येताना रिक्षात ती एक शब्दही बोलली नाही. ‘मी सांगत होते’ म्हणायचा तिला पूर्ण हक्क होता. शेवटी मीच म्हटलं, “बोल काय बोलायचं ते.” ती म्हणाली, “पीठ चाळून घ्यायला हवं आता.” आणि मग दोघींनाही हसू आवरेना, रिक्षावाला वळून बघायला लागला.

५ जून

दुसरं इंजेक्शन झालं. भोक आहे तेवढंच आहे. वाढलेलं नाही.

मास्तरांकडे जाऊन आले. माफी मागणं मला जमत नाही, त्यामुळे उभ्या उभ्याच मागितली. त्यांनी चहा विचारला, मी घेतला. त्यांचा चेहरा आज दोन्ही डोळ्यांनी नीट पाहिला. म्हातारे झालेत.

रात्री नऊला गच्चीवर. पट्टी उजव्या डोळ्यावर. डावा अजून नवशिका आहे, कडेचे तारे निसटतात, हात आणि डोळा यांचं जमत नाही. चित्र दीड तास चाललं. मधोमध दाट केलं, पण पेन्सिल ठेवल्यावर शंका आली. मला खरंच दिसतंय की बावीस वर्षांच्या सवयीने मी भरून टाकते आहे? या डोळ्यालाही एक दिवस काही झालं तर मला कळणार कसं?

जिन्यावरून हाक मारली. धाकटी ओला हात पदराला पुसत वर आली. नेत्रिकेला डोळा लावायला तिला पाच मिनिटं लागली, दोनदा तिने दुर्बीण ढकलली, मी दातओठ खात ती पुन्हा गुच्छावर आणली.

“अगंबाई!” ती म्हणाली. नेत्रिकेवरून डोळा काढेना.

“मध्ये काय आहे?”

“गर्दी.”

“भोक? काळं काही?”

“कुठे काही नाही. नुसती गर्दी आहे, ताई.”

तिच्यामागून पुन्हा डोळा लावून पाहावं असं फार वाटलं. नाही पाहिलं. वही आणि पेन्सिल तिच्या हातात दिली आणि चौकट दाखवली.

काढणार: मी. तपासणार: धाकटी. तिची सही चौकटीच्या बाहेर गेली आहे. राहू दे.